भरून आलेला डबा

हर्षाच्या घरी कोणी आलं की ती पाणी द्यायच्या आधी स्वयंपाकघराचा पडदा ओढायची. पडदा तिच्या लग्नातल्या साडीचा होता, मोरपंखी, अजून रंग धरून असलेला. येणाऱ्याला वाटायचं, नोकरी करून बाई घर किती टापटिपीचं ठेवते. पडद्यामागे काय आहे ते फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिथल्या झुरळांना.

राजुऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत हर्षा आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला कागद वहीतून उतरवायचा, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. घरी मात्र नुसती आवकच होती, जावक नावाला नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकणं हरवलेल्या बरण्या आणि बरण्या हरवलेली झाकणं, कधीतरी दुरुस्त करू म्हणून ठेवलेलं मिक्सरचं तडकलेलं भांडं, काळा थर उडालेला तवा, लग्नात आलेले दोन कुकर, त्यातला एक बारा वर्षं खोक्यातून बाहेरच न आलेला. सात बाय सहाच्या खोलीत हे सगळं ओट्यावर, ओट्याखाली आणि खिडकीत कोंबलेलं. कणीक मळायची तर परात घेऊन पुढच्या खोलीत बसावं लागे, म्हणून मग ती मळेचना. सकाळी खिचडी, संध्याकाळी मेसचा डबा, रविवारी तिचा नवरा, राजदीप, चौकातून काहीतरी बांधून आणी.

हे असं आधी नव्हतं. सासूबाई होत्या तोवर याच खोलीत दोन्ही वेळा ताजं शिजत होतं आणि गल्लीत वास जात होता. मीराबाई म्हणजे हाताला चव असलेली बाई. गेल्या वर्षीच्या एप्रिलात, अंगणात कपडे वाळत घालता घालता त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यानंतर ओटा कोणाचा, हेच हर्षाला कळेना. आपला म्हणायला धीर होईना, आणि बिनमालकाच्या जागेवर जे होतं तेच तिथे झालं. जो येईल तो सामान ठेवून जाऊ लागला.

त्या सामानात दुसऱ्यांचेही डबे होते, आणि त्याला कारण गल्लीची रीत. त्या गल्लीत भरून आलेला डबा रिकामा परत जात नाही. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर टाकून द्यायची, पण द्यायचा भरूनच. मीराबाई गेल्यावर आठ दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरात चूल पेटू दिली नव्हती. डबे आले, रिकामे झाले, धुतले गेले आणि राहिले. काहीतरी चांगलं करू आणि मग देऊ, असं हर्षा म्हणत राहिली. महिना गेल्यावर साखर टाकून देणं बरं दिसेना, सहा महिने गेल्यावर देणंच बरं दिसेना. मग ती गल्लीतून जाताना मोबाइल कानाला लावायची. पलीकडे बहुतेक वेळा कोणीच नसायचं.

तिला हलवलं ते निशाने, तिच्या दहा वर्षांच्या मुलीने. राजदीपच्या अहेरीच्या आत्याचा फोन आला होता. सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जायचं, त्याआधी दोन दिवस तुमच्याकडे मुक्काम, आम्ही सहाजण आहोत, असा. बोलता बोलता आत्याने निशाला विचारलं, आज काय रांधलं तुझ्या आईनं? निशा सरळ स्वभावाची पोर. ती म्हणाली, "आमच्या घरी रांधत नाई, आत्याजी, गरम करते."

आत्या फोनमध्ये खदाखदा हसली. हर्षा पडद्याशी उभी होती. पोरीने खोटं काय सांगितलं होतं? तिला निशाचा राग आला नाही, स्वतःचीच लाज वाटली. आधी कान तापले, मग डोळे.

पुढच्या रविवारी राजदीप कोळसा खाणीत पहिल्या पाळीला गेला, निशा मैत्रिणीकडे गेली, आणि हर्षाने पडदा काढून सरळ धुवायला टाकला. आता लपवायला काही उरलं नाही म्हटल्यावर माणूस कामाला लागतो.

सगळं बाहेर अंगणात काढलं. काढता काढता दहा वाजले. गल्लीतली येणारी-जाणारी माणसं थांबून बघू लागली, शेजारच्या पोचूभाऊने तर घर बदलून राह्यले काय म्हणून विचारलं. मुदत संपून वर्ष झालेले मसाले निघाले, एक नाही, अकरा पाकिटं. एकाच आकाराच्या सात किसण्या निघाल्या, कारण प्रत्येक वेळी आधीची सापडत नव्हती म्हणून नवी आणली होती. तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. कचेरीत कोणी अशी वही ठेवली असती तर तिने त्याची सालटी काढली असती.

खिडकीतले डबे हटवले तसा ओट्यावर उजेड पडला. दीड वर्षात तिथे उजेड आलाच नव्हता, दिवसासुद्धा बल्ब लागायचा. त्या उजेडात तिने तांदळाच्या मोठ्या कोठीमागे हात घातला आणि एक स्टीलचा गोल डबा बाहेर आला. झाकणावर नाव घातलेलं होतं. नजमा शेख, राजुरा.

डबा जड लागला.

नजमाभाभी म्हणजे समोरच्या घरातली, रजईवाल्या बाबूभाईंची बायको. मीराबाईची आणि तिची पंधरा वर्षांची मैत्री. हर्षाच्या घरावर पत्रे, नजमाभाभीच्या घराला गच्ची, म्हणून मीराबाईंचा अर्धा उन्हाळा त्या गच्चीवर जायचा. मीराबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी नजमाभाभी हा डबा घेऊन दारात आली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तिच्या हातून डबा घेतला तो अहेरीच्या आत्याने, आणि तिची पाठ वळताच तो हर्षाच्या हातात देत आत्या हलक्या आवाजात म्हणाली, त्याइच्या घरचं हाये, कशात काय शिजवते कोणाले मालूम, ठेव तिकडं.

आणि हर्षाने ठेवला. आत्याचं तोंड धरता आलं नसतं हे खरं, पण डबा तर हर्षाच्या हातात होता. तिने तो उघडलासुद्धा नाही, कोठीमागे सरकवला. हर्षाचा आजा शाळेत असताना गुरुजी त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ही गोष्ट तिने जयंतीच्या भाषणात दोनदा सांगितली होती. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या होत्या. पाणी ओतणाऱ्याचा हात कसा असतो, ते तिला आजवर ओतून घेणाऱ्याच्या बाजूने माहीत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण मीराबाईंसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर नजमाभाभी गल्लीत भेटली, आणि तिने मोठ्या आशेने विचारलं, "खाल्ल्या का व?" ईद होऊन दहा-बारा दिवस झाले होते. खाल्ल्या म्हणजे शेवयाच असणार, असं हर्षाने मनात जुळवलं आणि फटकन सांगून टाकलं, हो भाभी, शेवया लय गोड झाल्या होत्या, निशानं तर वाटी चाटून खाल्ली. नजमाभाभीने तिच्याकडे एकदा पाहिलं, "अस्सं," म्हणाली आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती या दारात आली नाही. हर्षा राजदीपला सांगायची, आई होत्या तोवरच त्यांचं येणं होतं, आता कोण विचारतं आपल्याला. सांगता सांगता तिला ते खरंही वाटायला लागलं होतं.

आता दीड वर्षाच्या शेवया काय झाल्या असतील, म्हणून तिने नाकाला ओढणी लावली आणि झाकण उचकटलं. घाण वास आला नाही. जिऱ्याचा, लसणाचा, वाळल्या मिरचीचा वास आला. आत मूगवड्या होत्या. काठोकाठ, खडखडीत वाळलेल्या, चपट्या, सगळ्या एका मापाच्या. एकही घुणली नव्हती.

हर्षा तिथेच ओट्याला टेकली. मूगवड्यांच्या डब्याला तिने शेवया म्हटलं होतं, वर निशाला वाटी चाटायला लावली होती. म्हणजे नजमाभाभीला त्याच दिवशी, त्याच क्षणी कळलं होतं. दीड वर्ष आपण जिला गर्विष्ठ म्हणत आलो, ती बाई रोज आपल्याला समोरून जाताना बघत होती, मोबाइल कानाला लावलेली.

चोराच्या मनात चांदणं असतं. तेवढ्यात घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजलं, आणि हर्षाने फार विचार केला नाही. वड्या चांगल्या आहेत हे दिसत होतं, पण दीड वर्षाचं कोण खाणार, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तो पुरावा तिला डोळ्यांसमोर नको होता. अकरा मसाल्यांच्या पाकिटांबरोबर तिने डबा गाडीत पालथा केला, गाडी पुढे गेली, आणि तिला जरा हायसं वाटलं.

मग तिने ठरवलं. डबे द्यायचे, सगळे, आजच, आणि साखर टाकून नाही, रांधून. नजमाभाभीचा शेवटी, आणि देताना खरं सांगायचं. आत्या परवा यायची होती. त्याआधी हे झालं नाही तर पुन्हा कधी होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाजारातून तिने कोहळं आणलं. लाल भोपळ्याला इकडे कोहळंच म्हणतात, आणि त्याची गूळ घालून केलेली बोंडं ही मीराबाईची खास चीज. ओटा रिकामा होता. किती रिकामा! परात ठेवली, तिच्या शेजारी किसणी ठेवली, तरी कोपर टेकायला जागा उरली. कोहळं किसताना पिवळा रस मनगटावरून ओघळला, गूळ विरघळला, कणीक पडली, वेलची कुटली. जे हवं ते हात पुढे केला की हातात येत होतं. मीराबाईच्या कढईत पहिलं बोंड सोडलं तेव्हा ते तळाशी जाऊन हळूच वर आलं, आणि हर्षाच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. रांधण्याचा कंटाळा तिला कधी नव्हताच. तिला त्या अडगळीत उभं राहायचा कंटाळा होता.

पहिल्या दोन घरी तर हसण्यावारीच गेलं. एकीने सांगितलं, अवं आम्ही तर हरवला समजून नवा आणला. दुसरीने दारातच दोन बोंडं खाल्ली. हर्षाचा जीव हलका होत चालला. सोपं असतं की, आपणच उगाच बाऊ केला, असं म्हणत ती नजमाभाभीच्या पायरीशी आली.

ओसरीवर बाबूभाई रजईला टाके घालत होते. त्यांनी आत हाक मारली आणि सुईदोरा घेऊन मागच्या बाजूला निघून गेले. नजमाभाभी बाहेर आली, हात पुसत. डब्याकडे पाहिलं, झाकणावरच्या नावाकडे पाहिलं. हर्षाने पायरीवरूनच सांगून टाकलं, कारण बसल्यावर तिला ते बोलता आलं नसतं.

"भाभी, त्या आम्ही खाल्ल्या नव्हत्या. डबा उघडलाच नाई मी. अन् तुमच्याशी खोटं बोलली."

"मले मालूम हाये," नजमाभाभी म्हणाली. "मी वड्या देल्या अन् तू शेवयाची तारीफ करून राह्यली होती."

आत्याबाईनं, असं हर्षाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि म्हणाली, की ठेवला मीच. नजमाभाभीने मान हलवली, जणू हेही तिला माहीत होतं. मग तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "उघडला नाई म्हणते, मंग वड्या हायेत ना? घुण तर नाई लागला?"

झाकण उघडलं तर आत बोंडं. तिने वर पाहिलं.

हर्षाने सांगितलं. आज सकाळी. घंटागाडीत.

नजमाभाभी पायरीवर बसली. मागून बाबूभाईंच्या खोकण्याचा आवाज आला. हर्षाला आधी समजेना, वड्याच तर होत्या, एवढं काय. आणि मग नजमाभाभी बोलू लागली, तिच्याकडे न पाहता, डब्यातल्या बोंडांकडे पाहत.

"माह्या नव्हत्या व त्या. तुह्या सासूच्या हातच्या होत्या. ईद झाली अन् दुसऱ्या दिवशी गच्चीवर बसून दोघीनं घातल्या. डाळ त्याइची, मिरची त्याइची. माह्या गोल होत्या, त्याइच्या चपट्या. वाळल्या की नेईन म्हणे. वाळल्या, पण न्यायले त्याच नाई राह्यल्या. मंग मी आणून देल्या. त्याच्यात माहं काईच नव्हतं, डबाच तेवढा माहा होता."

चपट्या, सगळ्या एका मापाच्या. हर्षाने त्या पाहिल्या होत्या. दहा वर्षं ज्या हातचं खाल्लं, त्या हातच्या वड्या समोर आल्या आणि तिने ओळखल्या नाहीत. दीड वर्ष त्या तिच्याच घरात, कोठीमागे, एकही न घुणता बसून राहिल्या होत्या. राजदीपने आईच्या हातचं शेवटचं म्हणून जन्मभर नाव घेतलं असतं, ते आता नगरपरिषदेच्या कचऱ्यात ओल्या-सुक्यात मिसळून गेलं होतं. पायरीखालची जमीन फाटावी आणि तिने आत घ्यावं, असं तिला खरोखर वाटलं.

"तव्हाच सांगितलं काऊन नाई, भाभी?" तिने कसंबसं विचारलं.

नजमाभाभीने आता तिच्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही.

"काय सांगू? तुमच्याच घरच्या हायेत, खा, असं? माह्या असत्या तर नसत्या खायच्या काय?"

हर्षा मान खाली घालून उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की कोणीतरी आपल्याला चार शिव्या द्याव्यात, म्हणजे बरं वाटेल. नजमाभाभीने शिव्या दिल्या नाहीत. ती डबा घेऊन उठली आणि आत गेली. दार उघडंच होतं. जावं की थांबावं, हर्षाला कळेना. जायला तोंड नव्हतं आणि थांबायलाही नव्हतं.

नजमाभाभी बाहेर आली ती ताट घेऊन. ज्वारीची भाकर आणि चवळीच्या शेंगांची भाजी. तिने ते पायरीवर ठेवलं, स्वतः उंबऱ्यावर बसली.

"खा. माह्यासमोर खा."

हर्षा बसली. तिने भाकर मोडली. गल्लीतून माणसं जात होती, पोचूभाऊ थांबून पाहून पुढे गेला. तिने भाजी लावून पहिला घास खाल्ला, मग दुसरा. नजमाभाभीची नजर तिच्या हातावर, तोंडावर, घशावर. तिसऱ्या घासाला तिने विचारलं, "कशी झाली?"

छान, लय छान झाली, हे शब्द हर्षाच्या तोंडात तयारच होते. असे शब्द तिच्या तोंडात कायम तयार असायचे. तिने घास नीट चावला, भाजीची चव जिभेवर घेतली, आणि मान वर केली.

"मीठ कमी हाये, भाभी."

नजमाभाभी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हं," ती म्हणाली. "आता खाल्लं तू."

ती मीठ आणायला आत गेली. हर्षाने मीठ घालून सगळं ताट संपवलं, शेंगेचा एक तुकडाही टाकला नाही. पण पाळी सुटून राजदीप आता घरी आला असेल, त्याला काय सांगायचं, हे तिला शेवटच्या घासापर्यंत सुचलं नाही.